दिसलं

तिसरी ब-च्या बाकांत मावत नाहीत
मोठ्या माणसांचे गुडघे.
तरी व्याख्यानाला वर्ग भरला. बोत्रे सरांनी
फळ्यावर शनी काढला, मग डस्टरनं
त्याची कडी पुसत पुसत रेघ केली आणि म्हणाले,
"यंदा ती आपल्याकडे धार करून उभी आहे.
फोटोतल्यासारखी मागू नका.
दिसली तर सुईएवढी दिसेल."

मग सगळे गच्चीवर. सहकारनगरची मनपा शाळा,
तीन जिने, कठड्यावर कबुतरांची घाण,
पलीकडच्या मंगल कार्यालयातून हिरवे झोत
आभाळभर झाडू मारतायत.
आमच्या बॅटऱ्यांवर लाल जिलेटिन, रबर बँडनं बांधलेलं.
माझं काम सोपं: स्टूल धरायचं,
"नळीला हात नको" म्हणायचं,
आणि दर दोन माणसांमागे
निसटलेला शनी पुन्हा जागेवर आणायचा,
कारण पृथ्वी रांगेसाठी थांबत नाही.

"हे झूम होतं का?"
"मोबाईल लावून बघू?"
"साडेसाती चालू आहे माझी," एक बाई म्हणाल्या,
"एकदा तोंड तरी बघू दे त्याचं."
बराच वेळ बघितलं त्यांनी. पदर सावरत उतरल्या.
"एवढासाच की!"

वॉचमन वाघमोडे रांगेत नव्हतेच.
पाण्याच्या टाकीला टेकून पूर्वेकडे बघत म्हणाले,
"तिकांडं वर आलं. आमच्याकडं ते डोक्यावर आलं
की दारं धरायला निघायचो."
आणि गेट बघायला खाली गेले.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.
इतक्या शनिवारांनंतर मला कळतं
कुणाला दिसलं आणि कुणी नुसतं म्हटलं.
चढल्या चढल्या जे म्हणतात, "हो हो, दिसलं, मस्त,"
त्यांना दिसलेलं नसतं.
मागे तीस माणसं, स्टूल डुगडुगतंय,
सांगायची लाज वाटते
की आत नुसता काळोख आहे
आणि आपल्याच पापण्या.
ज्याला दिसतं तो आधी गप्प होतो.
त्याच्या श्वासानं काच धुकते.
मग काहीतरी भलतंच बोलतो,
"अरे, हा खराच आहे."

इरावती गव्हाणे, चौथीतली, लाल टोपी.
एका सेकंदात, "दिसलं."
मी म्हटलं, उतरू नकोस.
डावा डोळा मीट. तो नव्हे, दुसरा.
घाई नाही.
मागून कुणीतरी घड्याळाचं बोललं. बोलू दे.
वरातीतलं एक अख्खं गाणं संपलं.
"काका," ती म्हणाली, आवाज एकदम बारीक,
"गोळीत सुई घुसलीये."

खाली पोर्चमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीत, तांबोळी चाचा.
ह्या दुर्बिणीचा आठ इंची आरसा त्यांनी
रविवार पेठेत, चष्म्याच्या दुकानामागे,
चार महिने हातानं घासला.
आता तीन जिने झेपत नाहीत, म्हणून
उतरणाऱ्या प्रत्येकाला अडवतात, "काय दिसलं?"

सामान खाली आणल्यावर मी एकदाचं सांगून टाकलं:
चाचा, सोळा वर्षांपूर्वी, अशाच मिटलेल्या कडीच्या वर्षी,
रात्री अकराला तुम्ही मला स्टुलावर चढवलं होतं.
मी दिसलं म्हणालो. दिसलं नव्हतं.
तुम्ही लिमलेटची गोळी दिली होती.

"ठाऊक होतं," म्हणाले.
"मिटलेलाच डोळा लावला होतास भिंगाला."

मग गोळी का दिलीत?

त्यांनी मफलर पुन्हा गुंडाळला.
"आज किती जण आले?"
एकशे बारा.
"आणि दिसलं किती जणांना?"
मी मनात रांग पुन्हा उभी केली,
बाईंना धरलं, इरावतीला धरलं.
साठ. पासष्ट असतील.

"बरेच झाले," म्हणाले,
आणि आरशाची पेटी मांडीवर घेऊन बसले
रिक्षा येईपर्यंत.